गिअरचा दांडा किती लांब असावा?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना मापं भराभर सांगितली गेली होती, ती इथे नीट मांडली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मी घाटनांदूरहून रेकॉर्ड करतोय, आमच्या घराच्या गच्चीवरून. मध्येच गाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या. परळी-विकाराबाद मार्गावरचं स्टेशन आहे आमचं आणि संध्याकाळच्या शांततेत भोंगा लांबपर्यंत येतो.

आज बोलायचंय गिअरच्या दांड्याबद्दल. शॉर्ट शिफ्टर हा शब्द गाड्यांच्या नादातल्या लोकांना माहीत असतो. बाकीच्यांसाठी सांगतो. हाताने गिअर टाकायच्या गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हात जेवढा मागे न्यावा लागतो, ते अंतर कमी करणारा दांडा म्हणजे शॉर्ट शिफ्टर. हात थोडा हलतो, गिअर खटकन पडतो, गाडी चालवताना मजा येते. मी तो घरच्या घरी बसवला, माझ्या हातांनी. कसा बसवला ते सांगतोच. पण तीन महिन्यांनी तो काढलाही माझ्याच हातांनी, आणि का काढला हे ऐकल्याशिवाय पाना उचलू नका, म्हणून हा भाग.

आधी गाडी. आमच्याकडे चार गिअरची जुनी मारुती ८०० आहे. या मॉडेलची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हातात गेली आणि उत्पादन २०१४ च्या जानेवारीपर्यंत चाललं. तीस वर्षं एकच नाव, त्यामुळे तिचे पार्ट तालुक्याच्या गावी आजही मिळतात आणि तिचं काम न येणारा मेकॅनिक शोधून सापडणार नाही. आमची गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी घेतलेली. अण्णा एसटीत चालक होते. निवृत्त झाल्यावर पहिली मोठी खरेदी हीच. मी पुण्याकडे नोकरीला. महिना-दोन महिन्यांनी येतो, तेव्हा गाडी माझ्या ताब्यात. एरवी अण्णांच्या. आईला दर महिन्याला तपासणीसाठी अंबाजोगाईला न्यावं लागतं, ते काम अण्णा आणि गाडी करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळीला आलो तेव्हा गिअरचा दांडा पार सैल झालेला. न्यूट्रलला असला की देवळातल्या घंटेच्या दोरीसारखा इकडून तिकडे. दुसरा टाकायचा तर हात पार सीटपर्यंत मागे. मी म्हटलं, आता हिला शॉर्ट शिफ्टर. या गाडीसाठी तयार डबाबंद किट शोधत बसण्यापेक्षा स्वतःच करून घेऊ. कारण तत्त्व अगदी शाळेतलं आहे.

दांडा म्हणजे तरफ. वर नॉब, तिथे आपला हात. खालचं टोक एका लांब सळईला बोल्टने जोडलेलं, ती सळई गाडीच्या पोटाखालून पुढे गिअरबॉक्सपर्यंत जाते. आणि मध्ये एका वाटीत बसलेली गोटी, ती टेकू. आपण नॉब मागे ओढला की खालचं टोक पुढे जातं. टेकूपासून नॉबपर्यंत आमच्या गाडीत २४० मिलिमीटर भरले. टेकूपासून खालच्या बोल्टपर्यंत ४०. म्हणजे सहास एक. गिअर बदलायला सळई २० मिलिमीटर सरकावी लागते, तर नॉब सहा पट म्हणजे १२० मिलिमीटर हलवावा लागतो.

आता हे १२० कमी करायचे दोन मार्ग. वरचा दांडा आखूड करा किंवा टेकूच्या खालचा भाग लांब करा. नुसता वरून कापला तर नॉब खाली जातो, हात वाकडा होतो. म्हणून थोडं वरून, थोडं खालून. मी ठरवलं, वर २४० चे २१० आणि खाली ४० चे ५०. गुणोत्तर झालं ४.२. नॉबचा प्रवास १२० वरून ८४ मिलिमीटर. तीस टक्के कमी. कागदावर एवढं सुंदर दिसत होतं की मी त्या वहीचा फोटो मित्रांना पाठवला.

मूळ दांडा कापायचा नाही, हा एक शहाणपणा मी केला. जुन्या बाजारातून भंगारातला दुसरा दांडा आणला आणि लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणाला खालून तुकडा जोडून वेल्डिंग मारतो. मी म्हटलं नको. गिअरचा दांडा चालत्या गाडीत वेल्डिंगला तुटला तर हातात नुसती काठी राहते. मग त्याने खालचा भाग अखंड सळईतून काढला, वरच्या भागाला आटे पाडून आत घट्ट बसवला आणि त्यावर वेल्डिंगचा टाका दिला. म्हणजे जोर आट्यांवर, वेल्डिंग नुसतं ते फिरू नयेत म्हणून. तुम्ही कधी असं काही केलंत तर एवढं तरी पाळा.

आता बसवणं. हे घरी होतं, पण क्रमाने.

आदल्या रात्री खालच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आमच्या बोल्टने तरी अर्धा तास खाल्ला. सकाळी इंजिन आणि सायलेन्सर थंड असताना काम सुरू करा, कारण सळईच्या शेजारूनच सायलेन्सरचा पाइप जातो. गाडी सपाट, टणक जागेवर. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. हँडब्रेक ओढलेला. गिअर न्यूट्रलला. पुढून जॅकने उचलून घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका आणि विटांच्या थप्पीवर तर मुळीच नाही. वीट वजनाला टिकते, पण तडकते तेव्हा सांगून तडकत नाही. घोडी नसेल तर गावातल्या मेकॅनिककडून एका दिवसासाठी मागून आणा. आमच्या मिस्त्रींनी दिली, वर विचारलं, "काय करायलास रे? गिअर पडना का?" मी म्हटलं पडतोय, पण लवकर पाडायचाय. ते हसले नुसते.

आतून नॉब फिरवून काढला, मग रबरी टोपी, मग दांड्याच्या बैठकीचे बोल्ट. काढण्याआधी सगळ्याचे फोटो काढा आणि सळईच्या सांध्यावर रंगाची खूण करा. गाडीखालून सळईचा बोल्ट सोडवला, दांडा वरून उपसून काढला.

आणि इथे कळलं की दांडा सैल का होता. बोल्टभोवतीचे बुश झिजून अंड्यासारखे झालेले. गोटीखालची प्लॅस्टिकची वाटीही घासलेली. सांध्यात जवळजवळ दोन मिलिमीटरची ढिलाई. आता हे दोन मिलिमीटर खाली आहेत. वर नॉबपाशी तेच सहा पट होतात, म्हणजे बारा मिलिमीटर. सव्वा सेंटिमीटरभर नॉब नुसता हवेत हलायचा, सळईला काही कळायचंच नाही. गाडी पंधरा-वीस वर्षं चालली की रबर-प्लॅस्टिक झिजणारच, त्यात नवल नाही. मी नवे बुश आणि वाटी आणलीच होती. दोन माणसं हॉटेलात जेवली तर त्याहून जास्त बिल होतं, एवढी त्यांची किंमत.

नवे बुश, नवी वाटी, गोटीला ग्रीस आणि नवा आखूड दांडा, सगळं एकदम बसवलं. मग तपासणी. ही टाळू नका. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहिले, रिव्हर्ससुद्धा. प्रत्येक गिअर पूर्ण आत बसतोय ना, की दांडा कुठे अडून थोडा अलीकडेच थांबतोय? गिअर अर्धवट बसला तर चालताना निसटतो, आणि उतारावर निसटला तर इंजिनाची पकड जाते. खालचं टोक दहा मिलिमीटर खाली आलंय, ते सायलेन्सरला घासत नाही ना, हे कोणाला तरी वर गिअर टाकायला बसवून खालून बघितलं. मग गल्लीत हळू, मग रस्त्यावर.

काय सांगू. खट, खट. मनगटात गिअर पडायला लागला. स्टेशनच्या रस्त्याला तीन फेऱ्या मारल्या, काही कारण नसताना. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. मी त्यांना बसवून एक चक्कर मारली, म्हटलं बघा कसा झालाय. ते म्हणाले, "भारी हाय की." मी दोन दिवसांनी पुण्याला निघून गेलो.

पुढचं संक्रांतीच्या सुमाराचं. आईचा फोन. बोलता बोलता म्हणाली की तपासणीला वडापनं जाऊन आलो. मी विचारलं, गाडीला काय झालं? म्हणे, "गाडीला काय न्हाई. तुझे अण्णाच म्हणले आज वडापनं जाऊ." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच कळलं. औषधं आणायला अण्णा एकटे गेले, तेही एसटीने. जो माणूस दळण टाकायलाही गाडी काढायचा तो.

शनिवारी ट्रॅव्हल्सने आलो. सकाळी म्हटलं, अण्णा चला, अंबाजोगाईला जाऊन येऊ, तुम्ही चालवा. पहाटेची थंडी होती. अण्णा बसले, गाडी चालू केली, पहिला टाकला. दुसऱ्याला मात्र नुसता हात मागे गेला नाही. अख्खं अंग डावीकडे झुकलं, दात दाबले गेले आणि मग गिअर पडला. तिसऱ्याला तसंच. पुढच्या गावाच्या गतिरोधकावर गाडी हळू झाली, दुसरा टाकायला हवा होता, अण्णांनी टाकलाच नाही. तिसऱ्यावरच गाडी गचके खात वर आली.

मग एका वळणाच्या अलीकडे समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. गळिताचा हंगाम, त्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर हेच असतं. गाडी हळू करून दुसरा टाकणं भाग होतं. अण्णांचा डावा हात दांड्यावर, तो काही मागे येईना. आणि त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढला, डाव्या हातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला. क्षणभरच. स्टिअरिंगला कोणाचाच हात नव्हता. गाडी सरळच गेली, ट्रॅक्टरही त्याच्या बाजूने गेला, काही झालं नाही. मी काही बोललो नाही. बोलायला तोंडच कोरडं पडलं होतं.

पुढे चहाला थांबलो. विचारलं, खांदा दुखतोय का? म्हणाले, दिवाळीच्या आधीपासून आखडलाय. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. अण्णांना मधुमेह आहे, आणि मधुमेहवाल्यांमध्ये खांदा असा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे मला नंतर कळलं. हात पुढे जातो, वर थोडा जातो, पण मागे ओढायला जोर लागला की कळ येते. आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गिअर डाव्या हाताला. नेमका तोच खांदा.

मी म्हटलं, मग सांगायचं ना, दांडा जड झालाय म्हणून. तर अण्णा म्हणाले, "नवं हाय, कडक असंलच म्हणलं. चालवून चालवून हलका होईल. यष्टीचीबी नवी गाडी आली की गिअर कडकच असायचा."

म्हणजे तीन महिने ते वाट बघत होते की माझा दांडा हलका होईल. तो कधीच होणार नव्हता. ते झिजून हलकं होणारं काम नव्हतंच, ते गणितच तसं होतं. आणि ते गणित माझ्या वहीत अर्धंच लिहिलं होतं.

उरलेलं अर्धं ऐका. तरफेत अंतर वाचवलं की जोर वाढतो. फुकट काही मिळत नाही. गुणोत्तर सहा होतं ते ४.२ केलं. नॉबचं अंतर तीस टक्क्यांनी कमी झालं. मग जोर किती वाढला? मी तोपर्यंत कधी विचार केला असता तर म्हणालो असतो, तीस टक्के. तसं नाही. सहाला ४.२ ने भागा, १.४३ येतात. जोर त्रेचाळीस टक्क्यांनी वाढला. अंतर अर्धं केलंत तर जोर पन्नास टक्के वाढत नाही, दुप्पट होतो. हे शॉर्ट शिफ्टरच्या जाहिरातीत लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

घरी आल्यावर मोजून पाहिलं. कापूस वेचणीच्या वेळी शेतात वजन करायला स्प्रिंगचा काटा वापरतात ना, तो चुलत्यांकडून आणला. नॉबला दोरी बांधली, काट्याने ओढून न्यूट्रलवरून दुसरा टाकला. पाच वेळा ओढलं आणि मधलं माप धरलं. तीन किलोच्या जरासं खाली. मग आखूड दांडा काढून मूळचा बसवला, बुश तेच नवे. काटा दोन किलोवर. गणिताने सांगितलं तेच काट्याने सांगितलं. किलोभराचा फरक. माझ्या हाताला किलोभर म्हणजे काहीच नाही. पण घाटनांदूरहून अंबाजोगाईला जाताना मी एकदा मोजलं, ९६ वेळा गिअर बदलावा लागला. गतिरोधक, गावं, वळणं. परत येताना तेवढेच. आखडलेल्या खांद्याला दर वेळी किलोभर जास्त.

आणि थंडीच्या सकाळी ह्यात भर पडते, कारण गिअरबॉक्समधलं तेल थंडीत दाट होतं. दिवाळीत दुपारी मी फेऱ्या मारत होतो तेव्हा तेल पातळ होतं. आईची तपासणी सकाळी लवकर असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती जास्त लागली. मूळ दांडा नव्या बुशांसह बसवून मी चक्कर मारली. दांडा डुगडुगत नव्हता. गिअर कुठे पडतोय ते हाताला स्पष्ट कळत होतं. दिवाळीत मला जी मजा आली होती तिच्यातली बरीचशी इथेच होती. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, बुश आणि दांडा, आणि सगळं श्रेय दांड्याला देऊन मोकळा झालो होतो. हिशेब करा. आधी नॉब हलायचा १२० अधिक ढिलाईचे १२, म्हणजे १३२. आखूड दांड्याने ८४ झाले. वाचले ४८. त्यातले १२, म्हणजे चौथा हिस्सा, नुसत्या बुशांचे होते. आणि ते बारा वाचवताना हाताला एक ग्रॅमही जास्त जोर लागला नव्हता. म्हणून माझं सांगणं आहे, एका वेळी एकच गोष्ट बदला. मग गाडी चालवा. मग दुसरी.

आता कोणी म्हणेल, पण शॉर्ट शिफ्टरने गिअर लवकर पडतो ना? हात लवकर पोचतो, हे खरं. पण गिअरबॉक्सच्या आत काय होतं बघा. दोन गिअर वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ते एकमेकांत बसायचे तर आधी वेग जुळावा लागतो. हे काम पितळी कडं करतं, त्याला सिंक्रो म्हणतात. ते निमुळत्या भागावर घासतं, घर्षणाने वेग जुळवतं आणि मगच दात आत जाऊ देतं. ही सोय १९२८ मध्ये पहिल्यांदा अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत आली. त्याआधीच्या चालकांना क्लच दोनदा दाबून, कानाने अंदाज घेऊन वेग जुळवावा लागायचा. अण्णांच्या पिढीतल्या चालकांना तो प्रकार चांगला ठाऊक. तर मुद्दा असा की दांडा आखूड झाला म्हणून त्या कड्याचं काम लवकर होत नाही. त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच. तुम्ही घाईने रेटलंत तर कचकच आवाज येतो आणि ते कडं झिजतं. जुन्या गाडीत आधीच झिजलेलं असतं. आखूड दांडा असला तर एवढंच शिकायचं, की मध्ये किंचित थांबायचं.

मग मी काय केलं? क्रमाने सांगतो, कारण ज्यांची गाडी जुनी आहे आणि गिअर जड किंवा सैल आहे, त्यांना हाच क्रम उपयोगी पडेल.

पहिलं, बुश आणि वाटी. ते झालेलं होतं.

दुसरं, क्लचची केबल. या गाडीत क्लच केबलवर चालतो. केबल ताणली गेली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, आणि मग गिअर जड पडतो. आपण दोष दांड्याला देतो. इंजिन चालू असताना रिव्हर्स कचकन पडतो पण इंजिन बंद असताना गुपचूप पडतो, असं असेल तर आधी क्लच बघा. आमची केबल थोडी जुळवून घेतली.

तिसरं, गिअरबॉक्सचं तेल. कधी बदललं होतं ते अण्णांनाही आठवेना. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच दर्जाचं भरा. दुकानदार कधी जीएल ५ पुढे करतो, म्हणतो हे वरचं आहे. आकडा मोठा म्हणून चांगलं असं नसतं. जीएल ५ मध्ये जास्त दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची जी द्रव्यं जास्त असतात, ती काही तेलांत पितळेला मानवत नाहीत. आणि आपलं सिंक्रोचं कडं पितळी. पुस्तकात जीएल ४ असेल तर जीएल ४ च.

चौथं, इंजिनाखालची रबरं. ती बसली की इंजिन हलतं आणि इंजिनाबरोबर दांडाही. आमची ठीक होती.

एवढं केल्यावर काटा दोनवरून पावणेदोनवर आला. मूळ दांडा, काही कापाकापी नाही.

आणि मग पाचवं, जे मी आयुष्यात करेन असं वाटलं नव्हतं. लेथवाल्याकडे पुन्हा गेलो. म्हटलं नॉबच्या खाली बसेल असा ४० मिलिमीटरचा तुकडा करून दे, आतून-बाहेरून आटे पाडून. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "दिवाळीत आखूड करून नेला, आता लांब?" होय, लांब. वरचा भाग २४० चा २८० झाला. २८० भागिले ४०, सातास एक. काटा दीड किलोवर. नॉबचा प्रवास १२० चा १४० झाला. पहिला आणि तिसरा टाकताना नॉब डॅशबोर्डला लागत नाही ना आणि दुसरा टाकताना सीटला अडत नाही ना, ते पाहिलं. लागत नव्हता. शॉर्ट शिफ्टरच्या नादाने सुरुवात केली आणि लाँग शिफ्टर बसवून थांबलो.

अण्णांना बसवलं. त्यांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, अंग हललं नाही. तिसरा टाकला. मग म्हणाले, "हां. आता यष्टीवानी झालं." मला तेव्हा उमगलं की जुन्या बसचे ते लांबच्या लांब दांडे उगाच नव्हते. मोठा गिअरबॉक्स, दिवसभर चालवायचं, माणसाच्या हाताला झेपलं पाहिजे, म्हणून अंतर जास्त घेऊन जोर वाचवलेला. चाळीस वर्षं त्या दांड्यांवर हात ठेवलेला माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि दिवाळीत मी त्याला विचारलं नव्हतं. नुसतं दाखवलं होतं.

तर शॉर्ट शिफ्टर बसवू नये का? बसवा की. गाडी तुमची एकट्याची असेल, खांदे शाबूत असतील, सिंक्रो चांगला असेल, तर मजा आहे त्यात, मी खोटं बोलणार नाही. गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत सळईऐवजी केबल असतात, त्यांचं काम वेगळं आहे, माझी मापं तिथे लावू नका. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. दांड्याची लांबी काही नोंदणी पुस्तकात लिहिलेली नसते, पण बदलामुळे अपघात झाला तर जबाबदारी तुमच्यावर येते. ब्रेक, स्टिअरिंग ह्यांना तर घरच्या प्रयोगासाठी हातच लावू नका.

आणि मूळ दांडा कापू नका. तो कागदात गुंडाळून ठेवा. मी ठेवला होता म्हणून एका दुपारीत परत बसला.

एक मोजमाप मात्र करा, कापूस तोलायचा काटा मिळाला तर त्याने, नाही मिळाला तर नुसतं शेजारी बसून. घरात ती गाडी आणखी कोण चालवतं? त्यांना चालवायला लावा, सकाळच्या थंडीत, गतिरोधकांच्या रस्त्यावर, आणि गिअरकडे नाही, त्यांच्या खांद्याकडे बघा. "भारी हाय की" ह्यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता.

परवा आईची तपासणी होती. गाडीनेच गेले दोघं. अण्णांचा व्यायाम चालू आहे, भिंतीवर बोटं चढवत नेतात रोज, खडूने खुणा केल्यात. खुणा हळूहळू वर चालल्यात. माझा तो आखूड दांडा इथेच गच्चीच्या जिन्यात खिळ्याला टांगलाय. खांदा पूर्ण मोकळा झाला की अण्णा म्हणालेत, एकदा लावून बघू परत.

मी म्हटलं, बघू.

चला, थांबतो. तुमच्या गाडीचा दांडा सैल असेल तर या रविवारी आधी बुश बघा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.